खेळाचें मैदान आणि रणाचें मैदान : एका वचनाची चिकित्सा

वॉटर्लूची लढाई ईटन येथील शाळेच्या क्रीडांगणावर जिंकली गेली, अशा अर्थाचें एक वचन वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नांवावर सर्वत्र खपत आलें आहे. शाळांच्या पारितोषिक समारंभांत, व्यायामशाळांच्या अहवालांत व खेळाडूंच्या चरित्रांत तें इतक्या वेळां येतें कीं, त्यास पुरावा मागणें हा अरसिकपणा ठरावा. परंतु वचन कितीही गोड असलें तरी तें कोणाच्या तोंडचें, कागदावर केव्हां आलें व कोणत्या कामीं लावलें गेलें, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज तें प्रमाण मानूं नये, हा इतिहासशास्त्राचा पहिला नियम होय. वऱ्हाडच्या वाचकांस तर हे प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. वेलिंग्टन ही पदवी मिळण्यापूर्वीं, नुसता जनरल आर्थर वेल्स्ली असतांना, ह्याच गृहस्थानें तेल्हारा तालुक्यांतील अडगांवच्या मैदानावर एक लढाई जिंकली. आणि त्या लढाईविषयीं त्याचे स्वतःचे कागद उपलब्ध आहेत. वॉटर्लूविषयींचें वचन अडगांवच्या कागदांवर घासून पाहिलें असतां काय उरतें, आणि ह्या वचनाच्या छायेखालीं जे धंदेवाईक फुटबॉल खेळाडू १९१४ सालीं पलटणींत गेले त्यांच्या इतिहासापासून आपल्या दफ्तरसंग्राहकांनीं काय घ्यावें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम वचनाची वंशावळ पाहूं. ड्यूक १८५२ सालीं वारला. त्यानंतर चार वर्षांनीं, १८५६ सालीं, माँतालांबेर नांवाच्या फ्रेंच ग्रंथकारानें इंग्लंडच्या राजकीय भवितव्यावर लिहिलेल्या पुस्तकांत अशी हकीकत दिली कीं, ड्यूक उतारवयांत ईटनला गेला असतां, वॉटर्लूची लढाई येथेंच जिंकली गेली, असें तो उद्गारला. ह्या पाठांत क्रीडांगण नाहीं, चेंडू नाहीं, कोणताही खेळ नाहीं. शाळेच्या इमारतीपासून मैदानापर्यंतचें अंतर वचनानें पुढें हळूहळू कापलें. १८८९ सालीं सर विल्यम फ्रेझर याच्या आठवणींच्या पुस्तकांत तें आज प्रचलित असलेल्या रूपांत दिसतें. म्हणजे ज्याच्या तोंडीं तें घातलें तो निवर्तल्यावर सदतीस वर्षांनीं क्रीडांगण त्यांत शिरलें. इंग्लंडांतील मोठ्या निवासी शाळांत सांघिक खेळांस शिस्तीचें व चारित्र्याचें साधन मानण्याची प्रथा ह्याच मधल्या काळांत दृढ झाली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे प्रक्षेप कोणीं व कां केला ह्याचा फार शोध करावा लागत नाहीं. आपल्याकडील बखरींत मूळ प्रसंगास मागाहूनच्या पिढीची भाषा चिकटते, त्यांतलाच हा प्रकार आहे.

वस्तुस्थितीही ह्या वचनास अनुकूल नाहीं. आर्थर वेल्स्ली ईटनला १७८१ पासून १७८४ पर्यंत होता. शाळेनें नेमलेले सांघिक खेळ त्या काळीं तेथें नव्हते. मुलें आपापल्या मर्जीनें जें खेळत तेंच. अभ्यासांतही त्याची चमक दिसली नाहीं व त्यास शाळेंतून काढून घेण्यांत आलें. पुढें १७८६ सालीं फ्रान्सांतील आंजे येथील अश्वारोहणाच्या शाळेंत त्यानें शिक्षण घेतलें. वॉटर्लूचें श्रेय एखाद्या शाळेस द्यावयाचेंच झालें, तर पराभूत राष्ट्राच्याच शाळेस तें अधिक द्यावें लागेल!

आतां अडगांव. सन १८०३ च्या २९ नोव्हेंबर रोजीं सिरसोली-अडगांवच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांचें पायदळ व तोफखाना, रघूजी भोसले यांचे बंधु व्यंकोजी यांच्या हाताखालीं उभा होता. बाजूस शिंद्यांचे घोडेस्वार होते. पाठीशीं अडगांवच्या बागा व कुंपणें होतीं. वेल्स्लीचें सैन्य मजल मारून थकलेलें होतें आणि तोंड लागलें तेव्हां दुपार टळून गेली होती. रांग मांडण्याकरितां एका गांवाजवळून पुढें सरकत असतां तीन देशी पलटणी भोसल्यांच्या तोफांचा पहिला मारा होतांच फुटल्या व मागें वळल्या. ह्याच पलटणी दोन महिन्यांपूर्वीं, २३ सप्टेंबर रोजीं, असईच्या लढाईंत उत्तम रीतीनें लढल्या होत्या, असें खुद्द वेल्स्लीनें लिहिलें आहे. तो जवळच असल्यामुळें त्यानें त्यांस सांवरून पुन्हा रांगेंत आणलें. आपण तेथें नसतों तर तो दिवस हातचा गेला असता, असा त्याचा अभिप्राय त्याच्या पत्रांत नमूद आहे. पुढें ७४ व्या व ७८ व्या गोऱ्या पलटणींवर पायदळाच्या एका जमावानें धडक दिली व तो जमाव जवळजवळ सबंध कापला गेला. शिंद्यांच्या स्वारांनीं एका मद्रासी पलटणीवर घातलेला हल्ला तिनें परतविला. भोसल्यांच्या अडतीस तोफा शत्रूच्या हातीं लागल्या आणि पाठलाग चांदण्यांत चालला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगांवचा तह झाला व त्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें.

ह्या हकीकतीवरून वचनाची परीक्षा सहज होते. जे शिपाई सप्टेंबरांत असईस अचल राहिले तेच नोव्हेंबरांत अडगांवास क्षणभर पळाले, आणि त्याच सायंकाळीं पुन्हा उभे राहिले. दोन महिन्यांत त्यांचें बालपण बदललें नव्हतें. लहानपणीं ते जे खेळ खेळले असतील तेही बदलले नव्हते. बदलली ती त्या घटकेची परिस्थिति : थकवा, अवघड जागा, तोफेचा पहिला आवाज, आणि त्यांस फिरविलें तें सेनापतीच्या सान्निध्यानें व अंगवळणीं पडलेल्या कवाईतीनें. शिवाय हे शिपाई मद्रासकडील, गोऱ्या पलटणी स्कॉटलंडकडील. त्यांतील सामान्य शिपायास ईटनचें दारही ठाऊक नव्हतें. शिपायांनीं जिंकलेल्या लढाईचें श्रेय अधिकाऱ्यांच्या शाळेस देणें हा ह्या वचनाचा मूळ दोष आहे. क्रीडांगण हें त्यावरचें मागाहूनचें नक्षीकाम.

एवढ्यावर हें प्रकरण संपतें तर तें वाङ्मयीन गमतीचें झालें असतें. परंतु खोट्या वचनांनीं खरीं माणसें कामास लागतात. खेळाडू हा तयार शिपाई आहे, ही समजूत एकदां रूढ झाल्यावर, युद्ध सुरू होऊनही जो खेळाडू खेळतच राहतो तो अपराधी, हें अनुमान ओघानेंच आलें. १९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें तेव्हां इंग्लंडांतील धंदेवाईक फुटबॉल खेळाडू आपापल्या संस्थांशीं मोसमभराच्या करारानें बांधलेले होते व सामने चालूच राहिले. त्यावर वर्तमानपत्रांतून निंदेचा वर्षाव झाला. त्यांत नोव्हेंबरांत टाइम्स पत्रांत प्रसिद्ध झालेलें एक पत्र आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण त्याचा लेखक ए. एफ्. पोलार्ड हा नांवाजलेला इतिहाससंशोधक होता. धंदेवाईक खेळाडूस वेतन देणारी प्रत्येक संस्था जणूं एका होतकरू शिपायास भरती न होण्यासाठीं लांच देत आहे, असा त्याचा आशय होता. ट्यूडर राजवटीच्या कागदांची काटेकोर छाननी करणाऱ्या विद्वानानें स्वतःच्या काळांतील माणसांविषयीं लिहितांना करार, वेतन व कुटुंब ह्यांचा विचार बाजूस ठेवावा, हें आश्चर्य होय. खेळाडूंच्या वेतनासही आठवड्यास पांच पौंडांची कमाल मर्यादा होती. आणि साध्या शिपायाचा मूळ पगार दिवसास एक शिलिंग, म्हणजे आठवड्यास सात शिलिंग. वीस शिलिंगांचा पौंड धरतां हा फरक ज्याच्या घरीं बायकापोरें होतीं त्यास किती जाणवला असेल, हें वेगळें सांगणें नको.

ह्या दडपणाखालीं दोन प्रसिद्ध घटना घडल्या. पहिली एडिंबरोची. तेथील हार्ट ऑफ मिड्लोथियन संघ स्कॉटलंडच्या साखळी सामन्यांत आघाडीवर होता. नोव्हेंबर १९१४ मध्यें सर जॉर्ज मॅक्रे यानें रॉयल स्कॉट्सची १६ वी पलटण उभारली, तींत ह्या संघाच्या अकरा खेळाडूंनीं एकदम नांवें नोंदविलीं. दुसरी लंडनची. १५ डिसेंबर १९१४ रोजीं फुलहॅमच्या नगरभवनांत सभा भरून मिड्लसेक्स रेजिमेंटची १७ वी पलटण निघाली. हिलाच फुटबॉल पलटण म्हणतात. पार्लमेंटचा सभासद विल्यम जॉइन्सन-हिक्स हा तिचा पुरस्कर्ता होता. त्या दिवशीं ३५ खेळाडू पुढें आले; पैकीं दहा क्लॅप्टन ओरिएंट ह्या एकाच संस्थेचे होते. पुढें त्या संस्थेचे खेळाडू, नोकर व चाहते मिळून ४१ जण गेले.

ह्या घटनांची स्मारकवाङ्मयांत जी मांडणी होते ती तपासून घेतली पाहिजे. फुटबॉल पलटण ह्या नांवावरून ती सबंध धंदेवाईक खेळाडूंनीं भरलेली होती असा समज होतो. मार्च १९१५ अखेर तींत असे खेळाडू १२२ होते. बाकीचे हौशी खेळाडू व सामने पाहावयास येणारे सामान्य लोक. दुसरें असें कीं, खेळ व शिपाईगिरी एकमेकांस पोषक आहेत, हें वचनाचें गृहीत एडिंबरोच्या संघानें खोटें पाडलें. रात्रींच्या कवाईतीनें व मजलांनीं थकलेले खेळाडू शनिवारीं मैदानावर उतरत. वसंतापर्यंत त्यांची आघाडी गेली व विजेतेपद ग्लासगोच्या सेल्टिक संघास मिळालें. तिसरें, रणांगणावर खेळाचें कौशल्य कोणासही ढाल झालें नाहीं. १ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशीं एडिंबरोच्या संघाचे डंकन करी, अर्नेस्ट एलिस व हॅरी वॉटी हे तिघे मारले गेले. त्याच मोहिमेंत पुढें क्लॅप्टन ओरिएंटचे विल्यम जोनस, जॉर्ज स्कॉट व रिचर्ड मॅकफॅडन गेले. बंदुकीची गोळी डावा पाय व उजवा पाय ओळखत नाहीं.

१ जुलै १९१६ ह्याच दिवसाची एक वेगळी गोष्ट मात्र अधिक गाजली. ईस्ट सरे रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीचा कॅप्टन नेव्हिल यानें आपल्या लोकांस फुटबॉल देऊन, ते लाथाडीत शत्रूच्या खंदकांकडे जाण्यास सांगितलें. तो स्वतः त्याच दिवशीं मारला गेला. त्याचा उद्देश नवख्या शिपायांचें चित्त भयापासून दूर ठेवण्याचा होता, आणि त्याचें धैर्य निःसंशय आहे. परंतु वृत्तपत्रांनीं त्या चेंडूंस वचनाचा पुरावा बनविलें. खरे फुटबॉल खेळाडू त्या दिवशीं त्याच मोहिमेंत दुसऱ्या टापूंत, पायापुढें कोणताही चेंडू नसतांना, मरत होते. चेंडू हें चिन्ह होतें, खेळाडू ही वस्तु होती. आणि लोकांनीं चिन्ह जपलें.

खेळाडूंविषयींच्या आख्यायिकांस कागद कसे उतरवितात ह्याचें उत्तम उदाहरण वॉल्टर टल याचें आहे. हा १८८८ सालीं फोकस्टन येथें जन्मला. त्याचा बाप बार्बाडोसचा कृष्णवर्णीय सुतार. पोरकेपणीं लंडनच्या अनाथाश्रमांत वाढून तो १९०९ सालीं टॉटनहॅम संघांत धंदेवाईक खेळाडू झाला. पुढें नॉर्थॅम्प्टन संघाकडून शंभरांवर सामने खेळला. डिसेंबर १९१४ मध्यें तो फुटबॉल पलटणींत शिरला व मे १९१७ मध्यें सेकंड लेफ्टनंट झाला. युरोपीय वंशाचा नसलेल्या मनुष्यास अधिकारपद देऊं नये अशी लष्करी कायद्याच्या पुस्तकांत तरतूद असतां हें घडलें. २५ मार्च १९१८ रोजीं फ्रान्सांत तो पडला. प्रेत सांपडलें नाहीं. नांव आरास येथील स्मारकावर आहे. ब्रिटिश सैन्यांतील हा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, असें त्याच्याविषयीं वारंवार लिहिलें गेलें. पण भरतीचीं कागदपत्रें बाहेर पडूं लागलीं तसें हें विधान टिकेना : जॉर्ज बेमंड हा १९१५ सालींच तोफखान्यांत अधिकारी झालेला आढळला. ह्यानें टलची योग्यता रतिभरही कमी होत नाहीं. उलट पहिलेपणाचा मुलामा उतरल्यावर त्याचें आयुष्य अधिक स्पष्ट दिसतें. आपल्याकडे प्रत्येक गढीस पहिली व प्रत्येक वीरास अद्वितीय म्हणण्याची जी खोड आहे, तिला हा धडा पुरेसा व्हावा.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. करी, एलिस, जोनस, टल ह्या सामान्य घरच्या माणसांचीं नांवें, तारखा, पलटणी, सामन्यांची संख्यासुद्धां शंभर वर्षांनंतर आपणांस इतक्या निश्चितपणें कशीं सांगतां येतात? त्यांनीं चरित्रें लिहिलीं नाहींत. त्यांचे कोणी भाट नव्हते. तीं सांगतां येतात याचें कारण ते धंदेवाईक होते. वेतन घेणाऱ्याची नोंद होते. संस्थेच्या वहींत त्याचा करार, वेतन, एका संघांतून दुसऱ्यांत जातांना मोजलेली रक्कम लिहिली जाते; वर्तमानपत्रांत त्याच्या खेळाचा हिशेब येतो; आणि मग ती नोंद सैन्याच्या नोंदीशीं ताडून पाहतां येते. ज्या वेतनास पोलार्डनें लांच म्हटलें, त्याच वेतनानें हीं नांवें इतिहासासाठीं राखून ठेविलीं.

हें मनांत ठेवून पुन्हा अडगांवास या. कंपनीकडील मृत पन्नासाच्या आंत व जखमी तीनशेंच्या आसपास असे आंकडे लढाईनंतर लगेच सादर झाले. कारण प्रत्येक पलटणीची यादी होती व तिच्यावर पगार निघत होता. भोसल्यांकडील मेलेल्यांचा असा एकही आंकडा ह्या वृत्तांतांत मोजून दिलेला नाहीं. ७४ व्या व ७८ व्या पलटणींवर तुटून पडलेला तो जमाव कोणाचा, हें देखील एकमुखानें सांगितलें जात नाहीं : वेल्स्लीच्या वृत्तांतांत ते इराणी असावेत असा तर्क आहे, पुढील लेखकांनीं त्यांस अरब ठरविलें. त्या दिवशीं ज्यांनीं सर्वांत अधिक धैर्य दाखविलें, त्यांची जातगोत सुद्धां शत्रूच्या अंदाजावर अवलंबून आहे. ही उणीव शौर्याची नव्हे, नोंदीच्या रक्षणाची आहे. ते लोकही वेतनदारच होते. मराठी फौजेंत शिलेदार आपला घोडा व हत्यार घेऊन येई, बारगिरास घोडा सरकारांतून मिळे. गाडदी पायदळ तर उघड उघड पगारी. म्हणजे हौशी आणि धंदेवाईक हा इंग्रजांच्या क्रीडाजगतांतील भेद आपल्या लष्करी दफ्तरांत निराळ्या वेषांत पूर्वींपासून आहे. आणि जेथें वेतन आहे तेथें हजेरी, घोड्याचें वर्णन, रोजमुरा, तनखा ह्यांचे कागद एके काळीं असलेच पाहिजेत.

कार्यकारणाची दिशाही वचनानें उलटी धरली आहे. हिंदुस्थानांत फुटबॉल क्रीडांगणावरून छावणींत गेला नाहीं. छावणींतून तो क्रीडांगणावर आला. सिमल्याचा ड्यूरंड चषक १८८८ सालीं व मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ सालीं सुरू झाला, तेव्हां दोन्हीकडे गोऱ्या पलटणींचेंच राज्य होतें. कलकत्त्यास १९११ सालीं मोहन बागाननें ढाल जिंकली ती ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून. रोव्हर्स चषक देशी संघाकडे येण्यास १९३७ साल उजाडावें लागलें, आणि ड्यूरंड चषकास १९४०, जेव्हां महोमेडन स्पोर्टिंगनें रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटचा दोनास एक असा पराभव केला. स्वातंत्र्यानंतरही हीच दिशा दिसते. पीटर थंगराज हे मद्रास रेजिमेंटच्या केंद्रांतील शिपाई; १९५५ व १९५८ सालीं त्या केंद्रानें ड्यूरंड चषक जिंकला त्या संघांत ते होते; १९५६ व १९६० च्या ऑलिंपिकांत ते हिंदुस्थानकडून गेले आणि पुढें कलकत्त्याच्या मोठ्या संघांनीं त्यांस आपलेसें केलें. पलटणीनें खेळाडू घडविला. खेळानें पलटण घडविली नाहीं.

महाराष्ट्रापुरतें उदाहरण फुटबॉलबाहेरचें, पण अधिक बोलकें आहे. सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यांत गेले व तेथें मुष्टियोद्धे म्हणून तयार झाले. १९६५ च्या युद्धांत गोळ्यांनीं त्यांचें शरीर जायबंदी केलें. मुष्टियुद्ध संपलें, त्यांनीं पोहण्याचा अभ्यास केला, आणि १९७२ सालीं हायडेल्बर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकांत पन्नास मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. येथें खेळाच्या मैदानानें युद्ध जिंकून दिलें नाहीं. युद्धानें मोडलेला मनुष्य खेळाच्या मैदानानें उभा केला. वचनकर्त्यास ही दिशा सुचलीच नाहीं.

आपल्या आखाड्यांविषयीं आपणही एक वचन मनांत बाळगून असतों : तालमींतून मराठी फौज निघाली. व्यायामाचा अभिमान योग्य आहे. परंतु ह्या विधानासही तेच तीन प्रश्न विचारावे लागतील. अमुक तालमींतले अमुक इतके गडी अमुक पथकांत होते, असें हजेरीच्या कागदावरून दाखवितां येईल तेवढेंच विधान इतिहासाचें, बाकीचें पोवाड्याचें. आणि व्यायामास रणाच्या प्रशस्तिपत्रकाची गरज तरी काय? जें १९१४ साल धंदेवाईक खेळाडूंच्या निंदेनें इंग्लंडांत गाजलें, त्याच सालीं अमरावतीस वैद्य बंधूंच्या परिश्रमानें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें. १९३६ सालीं त्याच्या पथकानें बर्लिनला देशी खेळ व कसरती करून दाखविल्या. ह्या कार्याची किंमत तें कोणती लढाई जिंकून देईल ह्यावर ठरत नाहीं; निरोगी शरीर हेंच त्याचें फल आहे.

वरील विवेचनाचा निष्कर्ष संग्राहकांसाठीं स्पष्ट आहे. वऱ्हाडांत अद्यापि देशमुख-देशपांड्यांच्या घरीं रुमाल आहेत. त्यांतील सनदा, तहनामे व मोठ्या नांवांचीं पत्रें उचललीं जातात. घोड्याच्या चंदीचा हिशेब, शिबंदीचा रोजमुरा, जखमीस दिलेली रक्कम, मेलेल्याच्या बायकोस दिलेलें लुगडें ह्यांचे कागद मात्र किरकोळ म्हणून रद्दींत जातात. ही निवड उलटी करावयास हवी. क्लॅप्टन ओरिएंटच्या हिशेबाच्या वह्या त्या काळीं कोणास मौल्यवान वाटल्या असतील? यादव माधव काळे यांनीं १९२४ सालीं वऱ्हाडचा इतिहास लिहून ह्या प्रांताची मोठी चौकट उभी केली. त्या चौकटींत शिपायांचीं नांवें बसविण्याचें काम त्यांच्या मागून आलेल्यांवर पडतें. तेल्हारा, अकोट, हिवरखेड ह्या टापूंतील ज्या घरीं सन १८०३ च्या आगेमागेचे हिशेबी कागद असतील, त्यांनीं ते विकण्यापूर्वीं अथवा जाळण्यापूर्वीं त्यांची नक्कल होऊं द्यावी. ड्यूकच्या तोंडीं घातलेलें वचन कोणीही पाठ म्हणूं शकेल. अडगांवच्या मैदानावर पडलेल्या एका शिपायाचें नांव, त्याचें पथक व त्याची बाकी एवढें ज्या चिठोऱ्यावर असेल, तें चिठोरें ज्यास सांपडेल त्यानें इतिहासाची अधिक सेवा केली असें म्हणतां येईल.